हिरवळीचा करार आणि पावसाची उघडीप

हिरवळ उन्हाळ्यांत पाण्यानें वाढते आणि पावसाळ्यांत मालकाच्या काळजीनें, असें गमतीनें म्हणावयास हरकत नाहीं. मुंबई, ठाणें, अलिबाग, रत्नागिरी या बाजूस मृगाच्या सरी येऊन गेल्या कीं वैशाखांत करपलेली हरळी पंधरवड्यांत घोट्याशीं येते. मग घरांत एकच वाक्य ऐकूं येतें : "गवत कापणाऱ्याला बोलवा." तो मिळणें फारसें कठीण नाहीं. रोपवाटिकेंत चौकशी केली, शेजारच्या बंगल्यांतील माळ्याला विचारलें, कीं खांद्यावर यंत्र टाकून कोणी ना कोणी येतोच. कठीण असतें तें त्याच्याशीं काय ठरवावें हें. बहुतेक घरांत बोलणें दरापासून सुरू होतें आणि दरापाशींच संपतें. वास्तविक दमट हवेंत हिरवळीचें बरेंवाईट दरापेक्षां मोबदल्याच्या रीतीवर अधिक अवलंबून असतें.

खेपेगणिक पैसे देण्याची रीत सर्वांस सोयीची वाटते : आला, कापलें, पैसे घेतले, गेला. पुण्यासारख्या ठिकाणीं, जेथें वर्षाचा पाऊस सुमारें ७०० मिलिमीटर, तेथें ती बऱ्यापैकीं चालतेही. पण मुंबईंत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. जुलैंत हवेंतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. झड लागली कीं खेपेवर काम करणाऱ्याची कमाई बुडते. म्हणून पाऊस घटकाभर थांबतांच तो यंत्र घेऊन धांवतो. गवत ओलें आहे कीं सुकलें, हें पाहणें त्याला परवडत नाहीं. इकडे घरधनीही कांहीं कमी नसतो. "अगदीं बुडापासून काढा, म्हणजे महिनाभर पाहावयास नको," असें तो वर बजावतो. एकाची निकड आणि दुसऱ्याची काटकसर यांची अशी गांठ पडली, कीं हिरवळीचें काय व्हायचें तें होतें.

ओलें गवत नीट कापलें जात नाहीं, तें फाटतें. कापलेल्या गवताचे गोळे जागोजागीं पडतात आणि त्यांखालचें गवत गुदमरून पिवळें होतें. चाकें चिखलांत रुतून चर पडतात. माती दबते, आणि दबलेल्या मातींत मुळांना हवा मिळत नाहीं. बुरशीला तर पात्यावर कित्येक तास टिकणारा ओलावा हवाच असतो. फाटलेल्या टोकांतून तिला वाटही मिळते, आणि पुढें तपकिरी वर्तुळें दिसूं लागतात. घरचे लोक मग खत कमी पडलें असें समजून आणखी खत टाकतात! एका वेळीं उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षां अधिक कापूं नये, हा बागाईतींतला जुना नियम आहे. हरळी दोन इंच राखावयाची असेल तर ती तीन इंच होतांच कापावी. झाडाच्या सावलींत थोडी अधिक उंच राहूं द्यावी. बुडापासून काढलेलें गवत आपलें अन्न करणारीं पातींच गमावून बसतें, आणि त्या उघड्या जागेंत तण शिरतें.

म्हणून पावसाळ्याचे चार महिने एकत्र धरून ठोक रक्कम ठरवावी आणि ती दर महिन्यास सारख्या हप्त्यानें द्यावी. कापण्या किती हें सबंध हंगामाचें ठरवावें, वार मात्र ठरवूं नये. तो उघडीप पाहून माळ्यानें ठरवावा. हिरवळीवर पाऊल ठेवलें आणि पायाखालीं पाणी उमटलें, तर त्या दिवशीं यंत्र बाहेर काढूं नये. आणि पावसाचा खाडा कापूं नये. गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस येथें हटकून अडतात. न आलेल्या दिवसाचे पैसे कसे द्यावयाचे, असें ते विचारतात. परंतु भर पावसांत न येणें हा त्या कामाचाच भाग आहे. त्याचे पैसे न दिले तर तो येईल, आणि तें अधिक महाग पडेल. जो स्वतःच्या लहरीनें आठ-आठ दिवस फिरकत नाहीं, त्याचा खाडा अर्थात् निराळा.

यंत्राविषयीं थोडें. १८३० सालीं इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांतील स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग या कारागिरानें गवत कापण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. गिरणींत लोकरी कापडावरील लव कातरणारें यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली, असें सांगतात. त्या जातीचीं यंत्रें कात्रीसारखीं कापतात. आपल्याकडे माळी बहुधा ज्याला ग्रासकटर म्हणतात तें खांद्यावरचें यंत्र आणतो. नायलॉनच्या दोरीचें असेल तर कुंपणाच्या कडेस, उतारावर तें चांगलें. सपाट हिरवळीवर मात्र तें गवत झोडपून काढतें. तेव्हां कोणतें यंत्र आणणार हें आधींच विचारावें आणि पातें पाहावें. एका घरची बुरशी दुसऱ्या घरीं पात्यावरूनच जाते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वीं तें धुवून पुसून घ्यावयास सांगणें गैर नव्हे.

विजेचें यंत्र असेल तर ओल्या गवतावर लोळणारी तार हा जिवाशीं खेळ होतो. ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारा खटका घरांत नसेल, तर तें यंत्र पावसाळ्यांत लावूंच देऊं नये. कोंकणपट्टींत वाढलेल्या गवतांत फुरसें, घोणस असण्याचा संभव असतो. यंत्राखालून दगड उडतात तें वेगळेंच. तरीही पुष्कळ ठिकाणीं हें काम चपला घालून होतें. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि डोळ्यांना चष्मा कोणी आणावयाचा, इजा झाल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा, हें पैशाच्या बोलण्यांतच उरकून घ्यावें. मागाहून हा विषय काढणें माळ्याला जड जातें आणि मालकाला आठवत नाहीं.

राहतां राहिला लव्हाळा. यंत्र फिरवल्यानें तो जात नाहीं. जमिनींतील गांठींतून पुन्हां वर येतो. तो खुरप्यानें गांठींसकट खणून काढावा लागतो आणि त्यास दिवस मोडतो. या कामाची मजुरी कापणींत धरूं नये, रोजानें वेगळी द्यावी. पाऊस सरतां सरतां, माती अजून मऊ आहे तोंवर, तें काम करवून घ्यावें. पुढें थंडीच्या दिवसांत हरळीची वाढ मंदावते. तेव्हां चार महिन्यांचा करार संपवून खेपेगणिक पैसे देण्यास कांहींच अडचण नाहीं.