निबंधाच्या प्रश्नांआडचा वर्गभेद

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



वैद्यकीय महाविद्यालयात कोणाला प्रवेश द्यावा हा प्रश्न वरवर पाहता प्रशासकीय वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि समाजरचनेचा प्रश्न आहे. आज ज्याला प्रवेश मिळतो तोच दहा-बारा वर्षांनी दवाखाना शहराच्या श्रीमंत वस्तीत थाटायचा की तालुक्याच्या गावी बसायचे, हे ठरविणार असतो. ह्या दृष्टीने अमेरिकेत उमेदवारांकडून लिहून घेतल्या जाणाऱ्या निबंधांचा विचार उद्बोधक ठरेल.

तेथे प्रथम साधारणतः चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. मग 'एमकॅट' ही परीक्षा आणि त्यानंतर मध्यवर्ती यंत्रणेमार्फत अर्ज. आपल्याला डॉक्टर का व्हावयाचे आहे, हे त्या अर्जात ५,३०० अक्षरचिन्हांच्या मर्यादेत लिहावे लागते. शिवाय जास्तीत जास्त १५ अनुभवांची नोंद करता येते. एवढ्याने भागत नाही. पुढे बहुतेक महाविद्यालये आपापली स्वतंत्र प्रश्नावली पाठवितात. आमचेच महाविद्यालय का निवडले? आयुष्यात कोणत्या संकटाला तोंड दिले? तुमच्या येण्याने आमच्या वर्गाच्या विविधतेत कोणती भर पडेल? एकेक उमेदवार पंधरा-वीस महाविद्यालयांकडे अर्ज करतो, म्हणजे एका उन्हाळ्यात डझनावारी निबंध लिहितो. २०२४ साली सुमारे ५२ हजार उमेदवारांतून सुमारे २३ हजार विद्यार्थी तेथील महाविद्यालयांत दाखल झाले.

ह्या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणे असे की केवळ गुणांवरून चांगला डॉक्टर ओळखता येत नाही; माणूस संपूर्ण पाहिला पाहिजे. तत्त्वतः हे म्हणणे खोटे नाही. परंतु कोणतीही संस्था तिच्या इतिहासातून तपासावी लागते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांत परीक्षेच्या बळावर ज्यू विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल ह्यांनी त्यांच्यावर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. ती उघडपणे स्वीकारली गेली नाही. मात्र पुढे 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', छायाचित्र, मुलाखत, कौटुंबिक माहिती ह्यांना प्रवेशप्रक्रियेत महत्त्व आले आणि जे उघड करता येत नव्हते ते आडमार्गाने साधले. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांतही ज्यूंवर अशीच बंधने होती. संपूर्ण माणूस पाहण्याच्या ह्या पद्धतीचा एक उगम असा वगळण्याच्या हेतूत आहे, हे विसरता येत नाही.

पुढील वळणही बोलके आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा वंचित अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. ॲलन बाकी ह्या श्वेतवर्णीय उमेदवाराने त्यास आव्हान दिले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा अवैध ठरविल्या. वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास तेवढी मुभा ठेवली. २०२३ साली हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत ही मुभाही काढून घेण्यात आली. तथापि, वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने निबंधात लिहिले तर त्याची दखल घेता येईल, एवढी फट न्यायालयाने ठेवली. आणि निबंधाच्या आडून जुनी पद्धत पुन्हा आणू नका, असेही त्याच निकालात बजावले.

ह्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्यांचा सामूहिक अन्याय आता प्रत्येक मुलाने आपली खाजगी कहाणी म्हणून मांडावयाचा आणि परक्या परीक्षकाला ती पटवून द्यावयाची. राखीव जागा हा हक्क असतो, तर निबंध हा विनंतीअर्ज ठरतो. आपल्याकडे चंपकम दोराईराजन खटल्याचा निकाल १९५१ साली लागला, तोही मद्रास प्रांतातील वैद्यकीय प्रवेशासंबंधीच होता. परंतु त्यानंतर त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले. दलित विद्यार्थ्याने आपले दुःख सुबक भाषेत वर्णन केले तरच त्याला जागा मिळेल, अशी अट भारतीय राज्यघटनेने घातली नाही. ह्या फरकाचे मोल मोठे आहे.

आता अर्थशास्त्राच्या बाजूने पाहू. निबंधात लिहिण्याजोगा 'अनुभव' फुकट मिळत नाही. डॉक्टरांच्या मागे उभे राहून निरीक्षण करणे, रुग्णालयात विनावेतन सेवा, प्रयोगशाळेतील संशोधन, परदेशातील सेवायात्रा ह्या सर्वांसाठी मोकळा वेळ लागतो, आणि मोकळा वेळ ही तर मालमत्ताच होय. ज्या मुलीला शिक्षणाच्या खर्चासाठी रात्री दुकानात उभे राहावे लागते, तिला विनावेतन सेवेसाठी आपली मजुरी सोडावी लागते. डॉक्टरच्या मुलाला काहीच सोडावे लागत नाही. शिवाय त्याच्या घरी निबंध तपासणारे आईवडील असतात, नसल्यास हजारो डॉलर घेणारे व्यावसायिक सल्लागार असतात. अर्जांचे शुल्क प्रत्येक महाविद्यालयागणिक वाढत जाते. गरिबांसाठी शुल्कसवलतीची योजना आहे, पण गमावलेल्या मजुरीची भरपाई ती करीत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, १९८८ ते २०१७ ह्या काळात सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी उत्पन्नाच्या वरच्या दोन पंचमांश कुटुंबांतून आले. तळाच्या पंचमांशाच्या वाट्याला सुमारे ५ टक्के जागा आल्या. परीक्षेच्या गुणांचा आणि भरमसाट शुल्काचा ह्यात मोठा हात आहे, सारा दोष निबंधाचा नव्हे. पण तीस वर्षे 'संपूर्ण माणूस' पाहूनही हे चित्र बदलले नाही, हेही तितकेच खरे.

मग निबंध फेकून द्यावा आणि निव्वळ गुणांवर जावे काय? आपला अनुभव तसे सांगू देत नाही. 'नीट' परीक्षेत १८० पर्यायी प्रश्न असतात. उमेदवाराने एक वाक्यही लिहावयाचे नसते. २०२४ साली २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ती दिली आणि जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. त्याच वर्षी प्रश्नपत्रिकाफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कोटा आणि लातूर येथील शिकवणीवर्गांची बाजारपेठ ह्याच टंचाईवर उभी आहे. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले की 'नीट'नंतर ग्रामीण, तमिळ माध्यमाच्या आणि सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. तेथे मोकळा वेळ विकत घ्यावा लागतो, येथे शिकवणी. दोन्हीकडे गिऱ्हाईक एकाच वर्गातील.

महाराष्ट्राजवळ आणखी एक वेगळा दाखला आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी वैद्यकीय संस्था १९६९ साली डॉ. सुशीला नायर ह्यांनी स्थापन केली. 'नीट' येण्यापूर्वी तिच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. घोकंपट्टी तिथेही झाली असणार. पण तो प्रश्न विद्यार्थ्याच्या खाजगी कहाणीविषयी नव्हता. संस्थेचा हेतू काय हे त्यातून आधीच जाहीर होत असे. शिवाय खेड्यात राहणे आणि ग्रामीण सेवा ह्यांची जोड शिक्षणक्रमातच होती. निवडीपुढे जबाबदारी असेल तरच निवडीतील प्रश्नाला अर्थ येतो. क्यूबाने १९९९ साली हवानात सुरू केलेल्या लॅटिन अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयात गरीब कुटुंबांतील परदेशी विद्यार्थ्यांना विनामूल्य शिकविले गेले, त्यांत अमेरिकेतील तरुणही होते. उपेक्षित वस्त्यांत जाऊन काम करावे, ही त्यांच्याकडून अपेक्षा होती.

खुद्द डेव्हिसचे उदाहरणही अभ्यासण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियात १९९६ च्या सार्वमताने वंशाधारित प्राधान्यावर बंदी आली. त्यानंतर ह्या महाविद्यालयाने कुटुंबाचे उत्पन्न, आईवडिलांचे शिक्षण, डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागातील बालपण अशा बाबींवरून प्रतिकूलतेचे गुणांकन सुरू केले. त्यामुळे गरिबी सिद्ध करण्याचे ओझे भाषेच्या सफाईवर उरत नाही. वांशिक अन्यायाची जागा हे गुणांकन घेऊ शकत नाही. मात्र वर्गीय अन्याय मोजता येतो, एवढे त्याने सिद्ध केले आहे.

कार्यकर्त्यांनी ह्यातून तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, 'नीट'ला विरोध करताना खाजगी महाविद्यालयांच्या हाती मुलाखतीचे आणि निबंधाचे हत्यार देऊ नये. १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा महाराष्ट्राला का करावा लागला हे ज्यांना आठवते, त्यांना मोघम निकषांआड पैसा कसा लपतो हे सांगावयास नको. दुसरी, सरकारी आणि मराठी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी तमिळनाडूने २०२० साली ठेवलेल्या साडेसात टक्के जागांसारखी निश्चित, मोजता येणारी तरतूद मागावी. ती सामाजिक आरक्षणाच्या जागी नव्हे, त्याच्या अंतर्गत आणि जोडीला असावी. तिसरी, सरकारी जागा वाढविणे आणि शुल्क आवाक्यात ठेवणे ह्यांवाचून निवडीची कोणतीही पद्धत न्याय्य होणार नाही.

डॉक्टर का व्हावयाचे, हे विद्यार्थ्याला विचारणारी महाविद्यालये पुष्कळ आहेत. डॉक्टर कोणासाठी घडवावयाचा, हा प्रश्न महाविद्यालयांना आणि सरकारला विचारला पाहिजे, आणि तो विचारण्याचे काम चळवळीचे आहे. प्रत्येक तालुक्यातील आरोग्यकेंद्रात किती पदे रिकामी आहेत आणि त्या तालुक्यातील किती मुले गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयात गेली, ही माहिती कार्यकर्त्यांनी गोळा करावी. हे दोन आकडे शेजारी ठेवून सभांतून लोकांपुढे मांडले, म्हणजे मागणीला आधार मिळेल.