घराण्यातील मनोविकार : लपविलेली माहिती आणि हुकणारे उपचार

(गिंडी, चेन्नई येथे मराठी भाषक पालक व शिक्षकांसमोर एका मनोविकारतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज आपण ज्या गिंडीत जमलो आहोत तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळ 1794 मध्ये या शहरात निघालेल्या भूमापन शाळेत आहे. 1920 मध्ये हे महाविद्यालय गिंडीस आले. योगायोग असा की, त्याच 1794 साली या शहरात मनोरुग्णांसाठी एक आश्रयगृह सुरू झाले आणि किल्पॉक येथील आजची मानसिक आरोग्य संस्था ही त्याचीच परंपरा होय. जमिनीची मोजणी तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या कागदावर उतरत आली. गावाकडच्या शेताचा सातबारा उतारा आपण आजही कपाटात जपून ठेवतो. घरात कोणाला कोणता मनोविकार झाला होता, केव्हा झाला आणि कोणत्या औषधाने आवरला, याचा कागद मात्र क्वचितच कोठे सापडतो. माझ्या आजच्या बोलण्याचा विषय हा न सापडणारा कागद आहे.

बालमानसोपचार विभागात वारंवार दिसणारे एक दृश्य सांगतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला आई-वडील घेऊन येतात. शाळेची तक्रार असते की मुलगा जागेवर बसत नाही, वही-डबा हरवून येतो, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो. अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकाराची, म्हणजे ज्याला आपण इंग्रजी आद्याक्षरांनी एडीएचडी म्हणतो त्याची लक्षणे एकेक करून विचारू लागलो की वडील मध्येच थांबवतात आणि म्हणतात, ‘‘डॉक्टरसाहेब, हे तर तुम्ही माझेच वर्णन करीत आहात.’’ त्यांना लहानपणी वेंधळा, द्वाड म्हणून मार मिळालेला असतो. विकाराचे नाव मात्र पन्नाशीच्या उंबरठ्यावर, तेही मुलाच्या निमित्ताने कळते.

यात नवल काही नाही. जुळ्या भावंडांच्या अनेक देशांतील अभ्यासांवरून या विकाराची आनुवंशिकता सुमारे 74 टक्के मानली जाते. उन्माद आणि अवसाद यांची आलटून पालटून आवर्तने येणाऱ्या द्विध्रुवीय विकारात ती बहुतेक अभ्यासांत 60 ते 85 टक्के, तर नुसत्या नैराश्यात 37 टक्क्यांच्या आसपास आढळते. हे आकडे ऐकून पालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, म्हणून त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. 74 टक्के आनुवंशिकता म्हणजे शंभरांतील 74 मुलांना विकार होणार, असे नव्हे. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातील किती वाटा जनुकीय फरकांकडे जातो एवढेच तो आकडा सांगतो. तुमच्या घरातील अमुक एका मुलाबद्दल तो काहीच बोलत नाही. द्विध्रुवीय विकाराचेच उदाहरण घ्या. सर्वसाधारण लोकांत तो शंभरांत सुमारे एकाला होतो, तर ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना तो आहे अशा शंभरांत पाच ते दहा जणांना. धोका कितीतरी पटींनी वाढला हे खरे, परंतु नव्वदांहून अधिक जण त्यातून सुटतात हेही तितकेच खरे.

विकाराचे असे एक जनुक नसते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणात एडीएचडीशी संबंधित 27 जनुकीय स्थाने निश्चित झाली. प्रत्येकाचा वाटा अगदी किरकोळ आहे. शिवाय यांतील पुष्कळ जनुकीय फरक नैराश्याशीही निगडित आहेत. त्यामुळे एकाच घरात आजोबांना उन्मादाचे झटके, वडिलांना धांदरटपणा आणि मुलीला विशीत नैराश्य असे चित्र दिसू शकते. घरातील लोक या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडत नाहीत. आजोबांचे ‘बाहेरचे’ होते, वडील ‘स्वभावाने तसेच’ आणि मुलगी ‘अभ्यासाच्या ताणाने’ खचली, अशी तीन स्पष्टीकरणे तयार असतात.

रक्त तपासून हे कळणार नाही का, असे मला हमखास विचारतात. आज तरी नाही. अशा संशोधनातील बहुतांश नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत व त्यांवरून काढलेले अंदाज आपल्याकडे नीट लागू पडत नाहीत. ही उणीव भरून काढण्यासाठी बंगळुरू येथे निम्हान्स आणि तेथील जीवशास्त्र संशोधन संस्थांनी एकाच कुटुंबात अनेकांना तीव्र मनोविकार असलेल्या घराण्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. तोवर कुटुंबाचा खरा इतिहास हीच सर्वांत स्वस्त व उपयुक्त चाचणी आहे.

उपयुक्त कशी, ते सांगतो. एकवीस वर्षांचा विद्यार्थी नैराश्य घेऊन येतो. घरात कोणाला असा त्रास होता का, असे विचारता पालक ठामपणे नाही म्हणतात. नैराश्यावरचे नेहमीचे औषध सुरू होते. काही आठवड्यांत मुलगा झोपेनासा होतो, अखंड बोलतो, उधळपट्टी करतो. मग मामा फोनवरून सांगतो की, आजी दोनदा मनोरुग्णालयात होती. द्विध्रुवीय विकाराकडे कल असलेल्या व्यक्तीस केवळ नैराश्यविरोधी औषध दिल्यास उन्माद उफाळू शकतो. आजीची माहिती पहिल्याच दिवशी मिळाली असती, तर डॉक्टरांनी औषधाची निवड वेगळी केली असती, निदान अधिक सावध राहिले असते. (हे ऐकून कोणी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.) आजीला लिथियम लागू पडले होते की नाही, हेही मोलाचे असते, कारण त्या औषधाला मिळणारा प्रतिसादही काही घराण्यांत चालत येतो.

माहिती का लपते? उत्तर आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुलीचे स्थळ मोडेल! घरापासून दूर वसलेल्या कुटुंबांत अडचण दुप्पट होते. तंजावरकर घराण्यांतील मंडळी सोडली, तर येथे नोकरीनिमित्त आलेल्या अनेकांचे काका-मावश्या साताऱ्याला नाहीतर नागपूरला असतात. येथील डॉक्टरांना आई-वडिलांच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नसतो. लग्नाच्या बाबतीत माझे मत विचाराल, तर ज्याला प्रत्यक्ष आजार आहे त्याच्याबद्दल आधी सांगावे. नंतर उघड झालेली गोष्ट आजारापेक्षा अधिक संसार मोडते. चुलत्याच्या आजाराची दवंडी पिटण्याची गरज नाही. कायद्याबद्दलही गैरसमज आहेत. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख 1999 मध्ये वगळण्यात आला आणि मनोविकाराचे नुसते निदान घटस्फोटास पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्येच स्पष्ट केले आहे.

आनुवंशिकता म्हणजे हात टेकणे, हीही समजूत सोडावी. अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नैराश्यग्रस्त मातांवर उपचार होऊन त्या तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, तेव्हा त्यांच्या मुलांची लक्षणेही कमी झाल्याचे आढळले. मुलांना वेगळे औषध दिले नव्हते. मुलाला घेऊन येणाऱ्या आईला मी म्हणूनच प्रथम तिची झोप कशी आहे ते विचारतो. बहुतेक वेळा हा प्रश्न तिला आधी कोणी विचारलेला नसतो. निम्हान्सच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडूसह 12 राज्यांचा समावेश होता. त्यात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. तुम्ही-आम्ही घरात न विचारलेले प्रश्न या 85 मध्ये मिळालेले आहेत.

आता कामाचे बोलू. घरी गेल्यावर एक कोरा कागद घ्या. दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या मांडा. कोणाला कोणत्या वयात त्रास सुरू झाला, कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला, कोणाला दारूने घेरले, कोणाला कोणते औषध मानवले, कोण शाळेत हुशार असूनही मागे पडले, एवढे लिहा. आत्या आणि मोठ्या मावशीला अवश्य फोन करा. घरातील पुरुषांपेक्षा त्यांना अधिक माहीत असते. डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आहे, तेव्हा कागद दवाखान्याबाहेर जाईल ही भीती नको. तातडीने बोलायचे असेल, तर ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक आहे. तमिळ येत नसेल तर मराठीतून बोलता येते.