प्रतिष्ठित पंच

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



विषय दिलाय 'गुन्हा आणि तपास'. यावर खरं तर वकील बोलवायला हवा होता. मी गोदीत माल उतरवणारा, कविता करतो, मॅट्रिकच्या पुढं गेलो नाही. पण एकदा मी प्रतिष्ठित झालो होतो. सरकारी कागदावर. ती हकिगत आधी सांगतो.

रात्रपाळी सुटली होती. गेटाबाहेर टपरीवर चहा पीत उभा होतो. हवालदार आला. 'शिकलायस का?' म्हटलं, मॅट्रिक. 'सही येते ना? चल मग.' चौकीत नेलं. कोपऱ्यात एक पोरगं उकिडवं बसलेलं. अठरा-एकोणीसचं, भंगार वेचणारं. गालावर पाची बोटं उठलेली. टेबलावर तांब्याच्या तारेचं वेटोळं. हवालदारानं कागद पुढं सरकवला. वर सगळा कोरा, खाली दोन रेघा. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. पंच एक सही करून कधीच निघून गेलेला. मी दोन नंबरवर सही केली.

का केली? भीती वाटली. गेटपास गेला तर खायचं काय? आणि खरं सांगू, खाकी कपड्यातल्या माणसानं 'शिकलायस का' असं विचारलं, याचं आतून बरंही वाटलं. ही माझी लाज आहे, तुमच्यापुढं ठेवतो.

दीड वर्षानं समन्स आलं. कोर्टात तो कागद दाखवला, तर काठोकाठ भरलेला. पोरानं माझ्यादेखत आपखुशीनं तार काढून दिली म्हणे, झोपडीतल्या पत्र्याखालून. मी ती झोपडी बघितलेली नाही. आरोपीच्या वकिलानं विचारलं, 'सही तुमची?' म्हटलं, माझी. 'मजकूर तुमच्यासमोर लिहिला?' म्हटलं, नाही साहेब, कागद कोरा होता. झालं! सरकारी वकील उठले, म्हणाले, साक्षीदार फितूर. खोट्यावर सही केली तेव्हा मी प्रतिष्ठित होतो, आणि खरं बोललो तर फितूर झालो.

पोरगा सुटला. तोवर दीड वर्ष आत काढलं होतं त्यानं. जामीन मंजूर होता, जामीनदार नव्हता. कोर्टाच्या जिन्यावर भेटला. मला वाटलं, कॉलर धरणार. त्यानं एवढंच विचारलं, 'तुझी कुठली सही? वरची का खालची?' म्हटलं, खालची. 'मग वरची कुणाची?' मला आजतागायत माहीत नाही.

पोरगं पारध्याचं. 1871 साली इंग्रजांनी कायदा केला, जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. 1952 साली देशभरातून तो उठला. चौकीतून उठला का, ते ज्याच्या त्याच्या पाठीनं सांगावं.

आता हा 'प्रतिष्ठित' शब्द आला कुठून? मला वाटलं, हवालदाराचा. नाही. कायद्याचा आहे. 1898 च्या इंग्रजांच्या फौजदारी संहितेत झडतीसाठी त्या भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच घ्या, असं होतं. 1973 च्या संहितेत त्याला 'स्वतंत्र' हा शब्द जोडला, 'प्रतिष्ठित' तसाच ठेवला. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली. झडतीचं चित्रीकरण करायचं म्हणते. कॅमेरा आला, पण 'प्रतिष्ठित' तिथंच! मढं सापडलं की त्याच्या पंचनाम्यालाही शेजारचे प्रतिष्ठितच लागतात.

शहरात ठीक आहे, मॅट्रिकवालाही चालतो. गावात प्रतिष्ठित कोण? ज्याचा वाडा, ज्याची जमीन, ज्याची सोसायटी. ज्याच्या भावकीनं मारलं, त्याच भावकीतला. आपला माणूस बांधावर मरून पडलाय आणि त्याचं अंग कुठं कुठं फुटलंय, हे लिहून घ्यायला कायदा माणूस बोलावतो तो त्या बांधाच्या मालकाकडला.

खैरलांजी आठवा. सगळे 29 सप्टेंबर 2006 सांगतात, त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. त्या महिन्याच्या सुरुवातीला एका माणसाला मारहाण झाली होती. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी त्यात साक्षीदार. मारणारे कोण ते त्यांनी सांगितलं. आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी गाव घरावर चालून आलं. सुरेखाबाई, मुलगी, दोन मुलगे, चौघांना संपवलं. कायद्याला साक्षीदार हवा असतो ना? या दोघी कायद्याला हव्या तशाच साक्षीदार होत्या. त्यांना सांभाळायला कायदा नव्हता. पहिली शवचिकित्सा इतकी कामचलाऊ, की प्रेतं उकरून पुन्हा करावी लागली. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहाजणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. पण हा बदल्यातून झालेला खून, यात जात नाही, असं धरलं. अॅट्रॉसिटी लागलीच नाही. 2010 मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली. आता पहिल्या कागदातच जे टिपलं नाही, ते वरच्या कोर्टानं कुठून वाचायचं?

खर्ड्याचं बघा. 2014, नगर जिल्हा. सतरा वर्षांचा पोरगा, शाळेच्या आवारातून ओढत नेला, मारला, झाडाला लटकवला. 2017 साली सगळे आरोपी निर्दोष. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. मीही फितूर, तेही फितूर, कोर्टाच्या दप्तरात शब्द एकच. फरक कळतो का तुम्हाला? मला तर रात्री झोपताना कळतो.

आणि मुंबईत आपण राजे आहोत असं समजू नका. 11 जुलै 1997, घाटकोपर, रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले, राखीव दलानं गोळ्या घातल्या, 10 माणसं गेली. पोलिसांची गोष्ट तयारच होती, जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता म्हणे! गुंडेवार आयोगानं ती मानली नाही. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली ती 2009 साली, बारा वर्षांनी. पुढं उच्च न्यायालयातून तो जामिनावर बाहेर.

एक गोष्ट हवालदाराच्या बाजूचीही सांगतो, नाहीतर म्हणाल, हा नुसता शिव्या देतो. एका तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर फायलींची चवड, त्यात गणपतीचा बंदोबस्त, मंत्र्याचा बंदोबस्त. पंच व्हायला कुणी तयार नसतो. कोर्टाच्या चार तारखा म्हणजे चार रोज बुडाले. मग ठरलेले पंच धरतात, नाहीतर टपरीवरचा माझ्यासारखा. हे सगळं खरं. पण पारध्याच्या पोराचा कागद एका सकाळीत तयार झाला. आपल्या खुनाच्या वेळीच बंदोबस्त कसा आडवा येतो?

कायदा आपल्याकडं नाही असं नाही. अॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्यानं करायचा नाही. साठ दिवसांत आरोपपत्र. फिर्याद लिहून घेतली की वाचून दाखवायची, मग सही, मग नक्कल फुकट द्यायची. जाणूनबुजून टाळलं तर त्या अधिकाऱ्यालाच सहा महिने ते एक वर्ष. कलम 4. फक्त त्यासाठी आधी खात्यानं चौकशी करून शिफारस करायची. म्हणजे चोरानं चोराच्या पंचनाम्याला पंच व्हायचं!

गोदीत आमचा टॅली क्लार्क हुकाला लागलेला नग खाली टेकल्याशिवाय आकडा टाकत नाही. मुकादम ओरडला तरी नाही. कारण आकडा चुकला तर पगारातून जातो. तेवढंच करायचंय आपल्याला चौकीत. वस्तीतल्या दहा पोरांनी नावं द्या, पंच म्हणून बोलावलं तर जाणार म्हणून. रोज बुडेल, तो आपण वर्गणीतून भरू. कोऱ्या कागदावर सही नाही. डोळ्यांनी बघितलं नाही ते लिहू द्यायचं नाही. माझं नाव मी पहिलं लिहिलंय. वही मागच्या बाकावर ठेवली आहे, जाताना बघा. पुढच्या रविवारी वकीलसाहेब येणार आहेत. ते खऱ्या पंचनाम्याच्या नकला आणतील. एकेक ओळ वाचू.