गाणं पुन्हा चित्रित करताना

नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या 'झुंड'चं चित्रीकरण नागपुरात झालं. इथल्या वस्त्यांमधली मुलं त्यात झळकली. माध्यमशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यातलंच एखादं गाणं प्रकल्प म्हणून पुन्हा चित्रित करून पाहावं. नक्कल म्हणून याला कुणी हिणवू नये. दृश्य नेमकं कुठे कापलंय, कॅमेरा का थांबलाय, हे स्वतः करतानाच उमगतं. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे, तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, सेकंदाला ५० फ्रेम टिपायच्या आणि २५ च्या वेगानं दाखवायच्या. किती सुंदर युक्ती! १९५७ चा कॉपीराइट कायदा शिकण्या-शिकवण्यापुरती काही सवलत देतो. मात्र चित्रफीत इंटरनेटवर टाकण्यापूर्वी हक्कधारकांची परवानगी जरूर घ्या.