लेकरू रमतं कशात? घरातल्या घरात खेळ

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



बचत, हप्ते, बँकेचं कर्ज यावर आपलं बोलणं झालं. आता बोलायचंय ते तुमच्या मांडीवर आणि दाराशी जी चिवचिव चाललीय तिच्याबद्दल. म्हणजे आपली 3 ते 6 वर्षांची लेकरं.

आधी माझी चूक सांगते. दोन महिन्यांपूर्वी मी प्रत्येक गटाला एक कागद दिला होता, मुलांच्या उपक्रमांचा. त्यात रंगीत कार्डशीट, डिंक, स्केचपेन असं सगळं होतं. खाली लिहिलं होतं, "रोज अर्धा तास मुलासोबत बसा." पुढच्या बैठकीत विचारलं, कोणी काय केलं? सगळ्या खाली बघायला लागल्या. शेवटी एक काकू म्हणाल्या, "पोरी, कार्डशीट आणू का हप्ता भरू? आणि तो अर्धा तास कुठं ठेवलाय, तेवढं दाखव."

मला उत्तर देता आलं नाही. पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, डबा आणि मग खुरपणीला जाणाऱ्या बाईचा दिवस मी कधी मोजलाच नव्हता.

नंतर एका संध्याकाळी कर्जमागणी अर्जावर सही घ्यायला एका ताईंच्या घरी थांबले होते. त्या पोळ्या करत होत्या. चार वर्षांचा मुलगा मोबाईल बघत होता. फोनची बॅटरी संपली आणि त्यानं घर डोक्यावर घेतलं. ताई चिडल्या, हात उगारला. तेवढ्यात आजीनं लिंबाएवढा कणकेचा गोळा काढून त्याच्या हातात दिला. म्हणाली, "बाबा, मला एक साप करून दे." झालं! साप झाला, सापाची पिल्लं झाली, मग आजोबांसाठी चिमुकली पोळी झाली. माझ्या पोळ्या किती, आईच्या किती, तेही त्यानं मोजलं. सही होऊन मी उठले तरी तो खेळतच होता.

त्या दिवशी मला कळलं. लेकरासाठी वेगळा वेळ नसेल निघत, तर आपल्या कामात त्याला शेजारी जागा द्यायची. तेवढ्यानं सुद्धा ते रमतं आणि शिकतं.

काय काय करता येईल, बघा.

स्वयंपाक करताना: कणकेचा गोळा द्या, पण चुलीपासून लांब बसवून. मटार, वालाच्या शेंगा सोलायला घ्या. मेथी निवडताना पानं एकीकडे, काड्या एकीकडे. वाट्या, पेले, डबे लहान-मोठे लावायला सांगा. भेंडीचं देठाकडचं टोक कापलं की छान फुलाचा ठसा होतो. हळद पाण्यात कालवा, जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर ठसे मारू द्या.

कपडे घडी करताना: मोज्यांची जोडी शोध, बाबांचे कपडे वेगळे कर, लाल रंगाचं काय काय आहे ते दाखव. दारातल्या चपलांच्या जोड्या लावणं तर पोरांना फार आवडतं.

अंगणात: विटेच्या तुकड्यानं किंवा कोळशानं फरशीवर चित्रं काढू द्या. मातीची चूल, बैल, भांडी करू द्या. कडब्याच्या धाटाची साल आणि आतला गाभा घेऊन बैलगाडी करायला आपल्या आजोबांना येते. त्यांना सांगा, नातवाला शिकवा म्हणून.

लाईट गेल्यावर: बॅटरीच्या उजेडात भिंतीवर हातांच्या सावल्या करा. किंवा डोळे मिटायला लावून लसूण, कोथिंबीर, लिंबू यांचा वास ओळखायला सांगा.

हे सगळं करताना बोलत राहायचं. "हे जड का ते?" "आता काय होईल?" असं विचारलं की लेकरू बोलायला लागतं. मोबाईल त्याला ऐकवतो, पण त्याचं ऐकून घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, 3-4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तर उत्तमच.

ही काही नवी गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं. मुलं शाळेपर्यंत येत नव्हती, म्हणून त्या बालवाडी पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. पानं, खडे, बिया, शिंपले हेच त्यांचं साहित्य. आपल्या 'अंगणवाडी' या शब्दामागे हे काम आहे.

आता तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, शेंगदाणे, हरभरे, मणी, नाणी, घड्याळाचे बटनसेल लहान मुलाच्या हाती एकट्यानं देऊ नका. घशात अडकलं तर जीवावर बेततं. पाण्याची बादली असेल तर नजर हटवू नका. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा खेळायला कधीच नको, कितीही धुतला तरी.

दुसरी, हा खेळ आहे, काम नाही. लेकरू कंटाळलं की थांबायचं. मेथी नीट निवडली नाही म्हणून रागवायचं नाही.

तिसरी, मटार सोलायला मुलगी आणि बैलगाडी खेळायला मुलगा, असं करू नका. दोघांनाही दोन्ही द्या. आज पोळी लाटणारा पोरगा उद्या बायकोचं काम हलकं करेल.

शेवटी एक मागणं. प्रत्येक गटानं एक जुनी पिशवी करायची. त्यात चिंध्यांची बाहुली, रिकामे डबे, लाकडाचे गुळगुळीत तुकडे, जे घरात असेल ते टाकायचं. बैठकीला ती पिशवी आणायची, म्हणजे पोरंही रमतील आणि आपला हिशोबही शांततेत होईल. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरातला एक खेळ सांगायचा. या वेळी कागद मी वाटणार नाही. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेणार.

त्या काकू आज आल्यात. काकू, पहिला खेळ तुमचा!