फाशांची साक्ष

नाणें उडविलें तर छापा पडेल कीं कांटा, हें कोणालाच आधीं सांगतां येत नाहीं. आणि तरीही तेंच नाणें दहा हजार वेळां उडविलें तर छापा सुमारें पांच हजार वेळां पडेल, असें गणिती निःशंकपणें सांगतो. एका फेकीपुढें जो हतबल, तोच दहा हजार फेकींपुढें निश्चिंत कसा, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडण्यासारखा आहे.

उत्तराचे मार्ग दोन. पहिला तर्काचा. नाण्याला बाजू दोन. एकीनें दुसरीपेक्षां अधिक वेळां वर यावें असें कारण दिसत नाहीं. म्हणून छाप्याचा संभव दोहोंत एक. फाशाला पृष्ठें सहा. म्हणून षट्काचा संभव सहांत एक. येथें फासा हातांत घेण्याचीही गरज नाहीं. आरामखुर्चींत बसून हिशेब होतो. दुसरा मार्ग अनुभवाचा. फेकी करावयाच्या, प्रत्येकीची नोंद ठेवावयाची आणि शेवटीं प्रमाण काढावयाचें. पहिल्यानें मिळतो तो तार्किक संभव, दुसऱ्यानें मिळतो तो प्रायोगिक. या दोघांचें एकमेकांशीं कसें जमतें, हें पाहण्यांतच संभवगणिताचें मर्म आहे.

कधीं कधीं अनुभव तर्काचा कान धरतो. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत इटलींतील फासे खेळणारांपुढें एक कोडें होतें. तीन फासे टाकले असतां नवाची बेरीज सहा प्रकारांनीं होते आणि दहाचीही सहाच प्रकारांनीं. मग दहा किंचित् अधिक वेळां पडतात, असा अनुभव कां यावा? प्रश्न गॅलिलिओपर्यंत गेला. त्यानें दाखविलें कीं, दोष फाशांचा नव्हे, मोजणीचा आहे. तीन, तीन, तीन हें दान एकाच रीतीनें पडतें. परंतु एक, दोन, सहा हें दान तिन्ही फाशांवर अदलाबदल होऊन सहा रीतींनीं पडूं शकतें. असें नीट मोजलें म्हणजे एकंदर २१६ रीतींपैकीं नवाच्या वांट्याला २५ येतात व दहाच्या वांट्याला २७. अनुभव खरा होता. अपुरा होता तो तर्क.

परंतु अनुभवाची भाषाही नीट वाचावी लागते. दक्षिण आफ्रिकेंतील एका विद्यापीठांत गणित शिकविणारा जॉन केरिक हा १९४० सालीं डेन्मार्कमध्यें असतांना जर्मन सैन्यानें तो देश व्यापला आणि केरिक जटलंडमधील एका छावणींत स्थानबद्ध झाला. तेथील रिकाम्या दिवसांत एका सोबत्याच्या साहाय्यानें त्यानें एक नाणें दहा हजार वेळां उडवून प्रत्येक फेकीची नोंद केली, आणि १९४६ सालीं ती हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पहिल्या १० फेकींत छापे पडले ४. १०० फेकींत ४४. १,००० फेकींत ५०२. आणि १०,००० फेकींत ५,०६७.

हे आंकडे दोन दृष्टींनीं पाहावेत. शेंकडेवारी घेतली तर ४०, ४४, ५०.२ आणि ५०.६७ अशी ती पन्नाशीच्या जवळ येऊन स्थिरावते. याकोब बर्नुलीनें सिद्ध केलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ सालीं प्रसिद्ध झालेला सिद्धांत तो हाच : फेकी वाढतील तसें प्रायोगिक प्रमाण तार्किक संभवापासून फार दूर राहण्याची शक्यता कमी कमी होत जाते. आतां नुसती तफावत पाहावी. ती प्रथम १ ची, मग ६ ची, मग २ ची आणि शेवटीं ६७ ची! म्हणजे तफावत मिटली नाहीं, उलट वाढली; परंतु दहा हजारांच्या पसाऱ्यांत ती बुडून गेली.

जुगारी नेमका येथें फसतो. लागोपाठ आठ वेळां कांटा पडला कीं त्याला वाटतें, आतां छाप्याची पाळी; नियती आपली तूट भरून काढीलच. या भरंवशावर तो पण दुप्पट करतो आणि घरादाराला मुकतो. नाण्याला स्मरण नसतें. नवव्या फेकीलाही छाप्याचा संभव दोहोंत एक, एवढाच राहतो. निसर्ग मागील तूट भरून देत नाहीं. पुढील असंख्य फेकींच्या राशीखालीं तो ती झांकून टाकतो.

मग तफावत किती झाली म्हणजे संशय घ्यावा? नाण्यापुरता एक सोपा अडाखा आहे. फेकींच्या संख्येचें वर्गमूळ काढावें. नाणें निर्दोष असेल तर निम्म्याहून पडणारी तफावत शंभरांपैकीं सुमारें पंचाण्णव वेळां त्या वर्गमुळाच्या आंत राहते. १०,००० चें वर्गमूळ १००. केरिकची तफावत ६७. त्याच्या नाण्यावर आरोप ठेवण्यास जागा नाहीं.

वेल्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाच्या फाशांची गोष्ट निराळी. बारा फासे २६,३०६ वेळां टाकल्याची नोंद त्यानें १८९४ सालीं केली. एकंदर ३,१५,६७२ दानांपैकीं पांच किंवा सहा पडले १,०६,६०२ वेळां. तर्काप्रमाणें ते एकतृतीयांश, म्हणजे १,०५,२२४ वेळां पडावयास हवे होते. तफावत १,३७८, आणि वर्गमूळ सुमारें ५६२. एकतृतीयांशाच्या संभवाला मर्यादा याहूनही थोडी आंखूड असते. तेव्हां एवढी तफावत योगायोगावर ढकलतां येत नाहीं. कार्ल पिअर्सन यानें १९०० सालीं आपली प्रसिद्ध कसोटी मांडतांना हीच दानें तपासलीं आणि फासे सदोष ठरविले. ठिपके कोरून काढलेले असले म्हणजे पांच व सहा या बाजू हलक्या होऊन वर येण्याकडे झुकतात, असें त्याचें कारण सांगतात. वर्षानुवर्षें हातांत खेळविलें तरी जें डोळ्यांना दिसलें नसतें, तें मोजणीनें उघड केलें.

सारीपाटाच्या कवडीपाशीं तर तर्क मुकाच होतो. तिची पाठ फुगीर, पोट चपटें व चिरलेलें. दोन्ही बाजू सारख्या म्हणाव्यात तरी कशा? ती उताणी पडण्याचा संभव किती, हें कोणत्याही सूत्रांतून निघत नाहीं. ती पुनःपुन्हां टाकून मोजावी, हाच उपाय. शंभर फेकी करून मुलांनीं घरींच हा अंक काढावा. दुसरी कवडी घेतली तर तो बदलतो काय, हेंही पाहावें.

द्यूतसभेंत युधिष्ठिर डावामागून डाव हरत गेला. समसमान संधीच्या खेळांत लागोपाठ दहा डाव हरण्याचा संभव १,०२४ त एक. अशा वेळीं ‘आतां माझी पाळी’ असें म्हणणारा भोळा; ‘हा खेळ समसमान आहे काय?’ असें विचारणारा शहाणा. मागील दानें पुढील दानाला बांधून ठेवीत नाहींत. परंतु फाशाच्या शीलाविषयीं तीं साक्ष मात्र देतात. ती साक्ष ऐकण्याचें भान द्यूतसभेंत युधिष्ठिराला राहिलें नाहीं, आणि त्याचें मोल द्रौपदीला द्यावें लागलें.