भूल आणि भान



स्वागत समितीच्या वतीने आपणा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांचं मनापासून स्वागत! 'मनापासून' म्हणालो खरा. पण मन म्हणजे काय, यावरच दोन दिवस खल व्हायचा असल्याने शब्द जरा जपूनच वापरतो.

तत्त्वज्ञांच्या स्वागताला भूलतज्ज्ञ कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण तुमचा विषय माझ्या टेबलावर रोज असतो. पेशंटला आकडे मोजायला सांगतो. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल दहा-बारा मिलिलिटर शिरेत जातं आणि पाऊण मिनिटाच्या आत आकडे अडखळून थांबतात. औषध उतरलं की भान परत. मग मन मेंदूहून वेगळं कशाला मानायचं?

हा विचार जुनाच. भौतिकवादी चार्वाकांनी किण्वाचा दाखला दिला होता: धान्यात नसलेली धुंदी आंबवल्यावर येते, तसं महाभूतांच्या संयोगातून चैतन्य. तत्त्वज्ञ यू. टी. प्लेस यांनी १९५६मध्ये जाणीव ही मेंदूतली प्रक्रियाच आहे, असं शास्त्रीय गृहीतक मांडलं. पुढे त्यांनी स्वतःचा मेंदूही अ‍ॅडलेड विद्यापीठात ठेवायला दिला. मी याच भौतिकवादी पंथातला.

पण शस्त्रक्रिया आटोपली की माझी पंचाईत होते. मॉनिटरवर नाडी दिसते, रक्तदाब दिसतो; दुखणं दिसत नाही. खाटेशी वाकून विचारावंच लागतं, "आजी, शून्य ते दहात किती दुखतंय?" एका आजींनी मला सुनावलं, "आकडा काय सांगू डाक्टर? तुमचं पोट फाडलं म्हणजे कळंल!"

आजींसारखाच मुद्दा मांडायला तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांनी १९८२मध्ये रंगांचं सगळं शास्त्र जाणणारी, पण लाल रंग कधीच न पाहिलेली काल्पनिक मेरी उभी केली. लाल रंग पाहिल्यावर तिला काही नवं कळेलच, म्हणजे भौतिकवाद अपुरा, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे तो त्यांनी स्वतःच सोडला. आजी मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम असाव्यात. भान घालवायला मला द्रव्य पुरतं. भानावरच्या माणसाला काय होतंय, ते त्यालाच विचारावं लागतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे तुमच्याकडून ऐकायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

गाव तालुक्याचं, साधनं बेताची. आंघोळीचं गरम पाणी सकाळी सहा ते आठ, जेवण मागच्या मांडवात. काही कमी पडलं तर संकोच न करता सांगा. चेहऱ्यावरून ओळखण्याइतकी प्रगती आमच्या शास्त्राने अजून केलेली नाही.